सल्ला हवा: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आणि मायक्रोआरएनए चाचणी

अबोली_नाशिक
आईला स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) आहे, यकृतातही गाठी. बायोप्सीत ग्रेड २, केआय-६७ (किती पेशी विभागतायत त्याचा आकडा) आठ टक्के. एका लॅबचा माणूस म्हणतो, रक्तातली मायक्रोआरएनए चाचणी करा, आजार किती पसरणार ते कळेल. किंमत ऐकून घाम फुटला. करावी का? आणि हे असतं तरी काय?

पेशीपुराण
मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्या एमआरएनएला (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूला) चिकटून त्याचं प्रथिन बनू देत नाही. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांना तो एका इवल्याशा कृमीत सापडला, नोबेल मिळालं २०२४ला! एकच मायक्रोआरएनए कितीतरी जनुकांना आवर घालतो, त्यामुळे त्याची पातळी बिघडली की पेशींची वाढ आणि स्थलांतर दोन्ही बिघडतात.

तुमच्या आईंच्या प्रकारात जास्त चर्चा मायआर-२१ या मायक्रोआरएनएची. २००६च्या एका अभ्यासात ज्या गाठींत तो जास्त, त्यांत केआय-६७ही जास्त आणि यकृतातला प्रसारही जास्त दिसला. तो पीटेन या लगाम लावणाऱ्या प्रथिनाला दाबतो. लगाम सुटला की पेशींची वाढ चालवणारा एमटॉर मार्ग मोकाट. एव्हरोलिमस ही या गाठींवरची गोळी तोच मार्ग अडवते. लहान आतड्याच्या गाठींत चित्र वेगळं, तिथे प्रसारानंतर मायआर-१३३ए घटलेला आढळला.

सह्याद्री७
नवीन आहे तर करून घ्या ना, नुकसान काय?

पेशीपुराण
नुकसान पैशाचं. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी त्यांच्यातले मायक्रोआरएनए रक्तद्रवात मिसळून आकडे फिरतात. शिवाय प्रसार तर दिसलाच आहे. आकडा काहीही आला तरी आज औषध त्यावरून ठरत नाही. लॅबवाल्याला एवढंच विचारा, ‘रिपोर्टमुळे उपचारात काय बदलेल?’

डॉ_पॅथ
सहमत. तोच पैसा स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यात आणि गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनमध्ये (अशा गाठी शोधणारं किरणोत्सारी स्कॅन) घाला, झाला नसेल तर. गाठींवर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर (त्या संप्रेरकाला पकडणारी प्रथिनं) दिसले तर त्यांना चिकटणाऱ्या लुटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाचा पर्याय उघडतो. मुंबईत परळला टाटाच्या आवारातल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही थेरपी देतात.

क्रोमोग्रॅनिन ए (या गाठी रक्तात सोडतात त्या प्रथिनाची चाचणी) केलंय का? आई पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेत असतील तर ते उगाच वाढलेलं दिसतं.

अबोली_नाशिक
रोज घेते! आणि क्रोमोग्रॅनिन खूप वाढलंय म्हणून तर घाबरलो होतो.

डॉ_पॅथ
गोळी परस्पर बंद करू नका. काही गाठी गॅस्ट्रिन (पोटातलं आम्ल वाढवणारं संप्रेरक) बनवतात, त्यात ती अचानक थांबवणं धोक्याचं. ऑन्कोलॉजिस्टना आधी हे सांगा.