बिघडलेला प्रयोग प्रकल्पवहीत लिहावा की वगळावा?

प्रश्न : नववीची विद्यार्थिनी, सोलापूर

सर्वांना सादर नमस्कार. मी सोलापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. यंदा विज्ञानाच्या बाईंनी पुस्तकातील कृती नुसत्या वाचून न घेता पाच-पाच जणांचे गट करून त्या आमच्याकडून हाताने करून घेतल्या, आणि सत्र संपताना प्रत्येक गटाने आपली प्रकल्पवही द्यावी असे सांगितले. आमच्या गटाने ‘माठातले पाणी गार कसे होते’ हा विषय घेतला. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि घरोघरी माठ असतो, त्यामुळे हा विषय सोपा जाईल असे आम्हाला वाटले होते.

कुंभार वेशीतून आम्ही एकाच मापाचे दोन नवे माठ आणले. प्रदर्शनात उठून दिसावा म्हणून त्यांतल्या एकाला बाहेरून पांढरा ऑइल पेंट दिला आणि त्यावर वारली चित्रे काढली. त्यात दोन दिवस गेले. ऑगस्टमधल्या एका दुपारी त्या माठात पाणी भरून आम्ही दर अर्ध्या तासाने तापमापी बुडवून पाहत होतो. सुरुवातीला पाणी ३१ अंशांवर होते आणि तीन तासांनी ३०.५ वर आले. म्हणजे ते गार झालेच नाही. आमच्यातल्या एकीने सहज म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या साध्या माठावर हात ठेवला, तर त्याचे अंग ओलसर आणि थंडगार लागले. त्यातही आम्ही सकाळीच पाणी भरून ठेवले होते आणि ते २७ अंशांपर्यंत उतरले होते. रंगाने माठाची छिद्रे बुजली होती. पाणी बाहेर झिरपलेच नाही, तर त्याची वाफ कुठून होणार?

आता गटात मतभेद आहे. तिघांचे म्हणणे असे की रंगवलेल्या माठाची हकीकत वगळावी, साध्या माठाचे आकडे द्यावेत आणि तेही २७ ऐवजी २३ लिहावेत, कारण माठाने पाणी ‘खूप’ गार होते हे सर्वांना ठाऊकच आहे. मला मात्र वाटते की या प्रकल्पात मला जे काही कळले, ते त्या फसलेल्या माठामुळेच कळले. वहीच्या शेवटी ‘आम्ही काय शिकलो’ असे एक पान आहे आणि ते मला लिहायचे आहे. त्यात चूक लिहिली तर गुण जातील का? आणि लिहावी तर कशी लिहावी? मोठ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर

बाळ, २७ चे २३ करू नकोस, ही पहिली गोष्ट. ते खोटे ठरेल हे तर आहेच, पण तुझा २७ हा आकडा बरोबर आहे, हे त्याहून महत्त्वाचे. माठ पाण्याला हवे तितके गार करू शकत नाही. त्या गारव्याला एक तळ, म्हणजे सर्वांत खालची मर्यादा, असतो आणि तो तळ त्या दिवशीच्या हवेतील आर्द्रतेवर ठरतो. ऑगस्टमध्ये हवेत आधीच भरपूर बाष्प असते, त्यामुळे माठाच्या अंगावरचे पाणी सावकाश उडते. मार्चच्या कोरड्या दुपारी हाच माठ पाणी आठ-दहा अंशांनीही उतरवून दाखवील.

हा तळ तुम्हाला शाळेतच मोजता येईल. दोन तापमाप्या घ्या. एकीच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळा, दुसरी कोरडी राहू द्या आणि ओल्या तापमापीला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घाला. काही मिनिटांनी तिचा पारा जिथे स्थिरावेल, त्याच्या खाली त्या दिवशी कोणत्याही माठातले पाणी जाणार नाही.

आणखी एक करा. साधा माठ भरल्यावर आणि चार तासांनी असा दोनदा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून घ्या. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी वाफ होऊन गेले. पाठ्यपुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता, ग्रॅमला ५४० कॅलरी दिलेला असतो, पण तो उकळत्या पाण्याचा. आपल्या नेहमीच्या तापमानाला तो सुमारे ५८० धरावा. म्हणजे १०० ग्रॅम पाणी उडाले तर ५८,००० कॅलरी उष्णता गेली, आणि माठात १० लिटर पाणी असेल तर तेवढ्याने ते जवळजवळ सहा अंशांनी उतरायला हवे. प्रत्यक्षात कमी उतरेल. का उतरेल, याचा विचार तुमच्या गटाने करावा. ते मी सांगत नाही.

रंगवलेल्या माठाबद्दल एवढेच सांगतो की विज्ञानात अशा जोडीला फार मान असतो. माप एक, माती एक, फरक फक्त रंगाचा. तुम्ही ती जोडी ठरवून केली नव्हती, तेव्हा ‘ठरवून केली’ असे मात्र लिहू नका. जसे घडले तसे क्रमाने लिहा. कुंभार माठाला गेरू लावतात आणि तरीही पाणी गार होते, कारण गेरू ही मातीच आहे आणि तिने छिद्रे बुजत नाहीत. हे वाक्य त्यात आले तर तुमचा निष्कर्ष अधिक पक्का होईल.

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली आणि पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तोही याच विश्वासाने की मुले काम करता करता शिकतात.

उत्तर २ : एक पालक

सरांचे म्हणणे मनापासून पटते, पण दुसरी बाजूही मांडायला हवी असे वाटते. माझा मुलगा दहावीत आहे. विज्ञानाच्या शंभर गुणांत लेखी परीक्षेचे ऐंशी आणि प्रात्यक्षिकाचे वीस, आणि त्या विसातला एकही गुण जाऊ नये या काळजीने मुले सुबक वही सादर करतात. त्यात मुलांचा दोष नाही. देखण्या वहीला शाबासकी आणि खऱ्या आकड्याला प्रश्नचिन्ह, असे त्यांनी कुठेतरी पाहिलेले असते. आमच्या घरी तर मागच्या वर्षी रात्री बारा वाजता मीच पुठ्ठे कापत बसले होते आणि मुलगा झोपला होता. ते मॉडेल छान झाले, पण शिकले कोण, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून मुली, तू आधी तुझ्या बाईंशी बोल. वहीतला कोणता भाग कशासाठी तपासला जाणार आहे, हे त्यांना सरळ विचार. बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न आवडतो.

उत्तर ३ : यंत्रमागाच्या घरातली, पूर्व भाग

ताई, मी सध्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नववीत असताना आमच्या गटाने लाकडी चौकटीला खिळे ठोकून छोटा हातमाग केला होता. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर असल्यामुळे सूत घरचेच होते आणि मला वाटायचे की यातले सगळे मला येते. प्रत्यक्षात आमचे कापड वीतभर विणून होईपर्यंत दोन्ही काठ आत ओढले जाऊन मधोमध डमरूसारखे निमुळते झाले. मी रडकुंडीला आले होते. वडिलांनी ते हातात घेतले, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाणा ताणून घातलास. तो तिरपा, सैल टाकायचा आणि मग फणीने ठोकायचा.” ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांखाली-वर जाताना बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, वळणे घ्यावी लागतात आणि त्या वळणांसाठी जास्तीचा धागा लागतो, हे मला त्या एका वाक्यात कळले. त्याआधी दहा वर्षे मी रोज मागाचा खडखडाट ऐकत होते.

पुढे मी त्यांच्याबरोबर कारखान्यात जाऊन जेकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उमटवणारे यंत्र, पाहिले. पुठ्ठ्याच्या पट्टीवर जिथे भोक आहे तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो आणि चादरीवरचा मोर अशा उचललेल्या-न उचललेल्या धाग्यांतून उमटतो. आता महाविद्यालयात शून्य आणि एकची भाषा शिकताना ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर असते.

ते वाकडे कापड मी वहीला टाचणीने लावले होते आणि त्याखाली आमची चूक व वडिलांचे वाक्य लिहिले होते. तपासणाऱ्या सरांनी बाकीची पाने भराभर उलटली, पण तिथे ते थांबले आणि मला दहा मिनिटे प्रश्न विचारत राहिले. गुण किती मिळाले ते आठवत नाही. तू ‘आम्ही काय शिकलो’ या पानावर ‘आम्हाला बाष्पीभवनाचे महत्त्व समजले’ असले वाक्य लिहू नकोस. ते कोणत्याही वहीत चालेल. माठाला हात लावल्यावर तुझ्या मैत्रिणीला काय वाटले, तिथून सुरुवात कर.

मूळ प्रश्नकर्ती

सर, काकू आणि ताई, आपणा सर्वांचे मनापासून आभार. काकूंनी सांगितल्याप्रमाणे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या की आकडे जसे आले तसेच हवेत आणि चूक लिहिल्याबद्दल त्या गुण कापणार नाहीत.

शनिवारी आम्ही पाचही जण पुन्हा बसलो. कोरडी तापमापी ३१ अंश दाखवत होती आणि ओल्या चिंधीची २५ वर थांबली, त्यामुळे २३ लिहिण्याचा आग्रह धरणारे मित्र स्वतःहून म्हणाले की तो आकडा त्या दिवशी शक्यच नव्हता. साध्या माठात ८ लिटर पाणी होते आणि चार तासांत त्याचे वजन १२० ग्रॅमने घटले. सरांच्या हिशेबाने पाणी साडेआठ अंशांहून थोडे अधिक उतरायला हवे होते, पण ते चारच अंश उतरले. आम्ही बराच वेळ भांडलो आणि शेवटी असे लिहिले की पाणी हवेपेक्षा थंड होऊ लागताच आजूबाजूची हवा त्याला पुन्हा उष्णता देऊ लागते, म्हणजे माठ एकीकडून गमावतो आणि दुसरीकडून घेतो. सर, हे बरोबर असेल तर कृपया कळवावे. मार्चमध्ये आम्ही हीच मोजणी पुन्हा करणार आहोत.

रंगवलेला माठ आम्ही ठेवून दिला आहे. प्रदर्शनात दोन्ही माठ पाण्याने भरून शेजारी शेजारी ठेवायचे ठरले आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाने आकडे वाचण्याआधी दोन्हींना हात लावून पाहावा, अशी पाटी मी आजच लिहून ठेवली आहे.