ई. कोलायचा आरएनए जेलवर पसरतो, चूक नेमकी कुठे?

कपाशी_वणी
एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात ई. कोलाय या जीवाणूतल्या एमआरएनएचं (जनुकाचा संदेश नेणारा आरएनए) अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, काढायचं आहे. रिफाम्पिसिन (नवा आरएनए बनायला सुरुवात होऊ न देणारं औषध) टाकून ०, २, ४, ८ मिनिटांनी नमुने घेतो, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज (साधा, थंड होणारा नाही, दुपारी खोलीत ४२ अंश), मग लायसोझाइम (पेशीची भिंत फोडणारा एन्झाइम) आणि ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) यांत पेशी फोडून फिनॉल. जेलवर २३एस-१६एसचे (राइबोसोममधला आरएनए, म्हणजे आरआरएनए) पट्टे पुसट, खाली नुसता स्मिअर (तुकड्यांचा पसरट डाग). पाणी आणि ट्रिस बफर, दोन्हीला डीईपीसी (आरएनए कापणारे एन्झाइम, म्हणजे आरएनेज, निकामी करणारं रसायन) लावलंय.

जीवाणू_अमरावती
भाऊ, ई. कोलायमधले बहुतेक एमआरएनए काही मिनिटांतच निम्मे होतात. १० मिनिटं फिरवल्यावर तुमचा शून्याचा नमुना शून्याचा राहतो का? नमुना घेताच एन्झाइम थांबवा: ९५ टक्के इथेनॉलमध्ये ५ टक्के फिनॉल, १ मिली कल्चरला १२५ मायक्रोलिटर. ट्यूबा आधीच भरून बर्फात ठेवा. बाजारातली बर्फाची लादी कुटून मीठ मिसळलं की तापमान शून्याखाली जातं. फिनॉल कातडी जाळतो, हातमोजे हवेतच.

राइबो_गोंदिया
वरचा उपाय बरोबर आहे, पण स्मिअरचं कारण नमुना उशिरा थांबणं हे नाही. वाढत्या पेशीत आरआरएनए टिकाऊ असतो. आरएनेज ई ज्या वेगाने एमआरएनए कापतो त्या वेगाने आरआरएनए जात नाही. पट्टेच विस्कटले म्हणजे पेशी फुटताना बिघडलं. ई. कोलायचा आरएनेज आय पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधली जागा) असतो. लायसोझाइमने भिंत फुटली की तो मोकळा होऊन राइबोसोमवर पडतो, आणि त्याला मॅग्नेशियम लागत नसल्याने ईडीटीएने थांबत नाही. लायसोझाइम वगळा. पेशींचा गोळा थेट गरम फिनॉल-एसडीएसमध्ये (एसडीएस हा डिटर्जंट) किंवा ट्रायझॉलमध्ये (फिनॉल असलेलं तयार द्रावण) फोडा.

आणि ट्रिसला डीईपीसी लावू नका, ट्रिसच ते खाऊन टाकतो. आधी पाण्याला ०.१ टक्का लावून रात्रभर ३७ अंशांना ठेवा, ऑटोक्लेव्ह करा, मग त्यात न वापरलेल्या डब्यातला ट्रिस विरघळवा.

जीवाणू_अमरावती
हे पटलं, लायसोझाइमकडे माझं लक्षच गेलं नाही. मग खात्री अशी करता येईल: शुद्ध केलेल्या आरएनएचे दोन भाग करा, एक बर्फावर, एक ३७ अंशांना ३० मिनिटं, आणि दोन्ही शेजारी-शेजारी चालवा. ३७चाच बिघडला तर पाण्यात किंवा ट्यूबमध्ये आरएनेज आहे. दोन्ही सारखेच खराब दिसले तर नुकसान आधीच झालंय.

कपाशी_वणी
धन्यवाद. पुढच्या बॅचला बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जीवाणू द्यायचा विचार आहे. रीत हीच चालेल का?

राइबो_गोंदिया
नमुने थांबवायची पद्धत हीच. पण बॅसिलसची भिंत जाड, नुसत्या गरम फिनॉलने नीट फुटत नाही. काचेचे बारीक मणी घालून व्होर्टेक्स करा. निष्कर्ष लिहिताना मात्र जपा. बॅसिलसमध्ये आरएनेज ई नाहीच. कापायचं काम मुख्यतः आरएनेज वाय करतो, आणि आरएनेज जे१ ५' टोकाकडून (आरएनएच्या सुरुवातीकडून) कुरतडत जातो. ई. कोलायमध्ये ५' टोकाकडून असा कुरतडणारा एन्झाइम नाही, तिथे तुकडे ३' टोकाकडून (शेवटाकडून) पीएनपेज आणि आरएनेज टू संपवतात.

आलेखात पहिला बिंदू रेषेत येत नसेल तर घाबरू नका. रिफाम्पिसिन नवी सुरुवात थांबवतं, चालू असलेलं लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणं) पूर्ण होतं. लांब ऑपेरॉनच्या (एकाच एमआरएनएवर येणारा जनुकांचा गट) शेवटच्या जनुकाचा एमआरएनए म्हणून आधी थोडा वेळ कमी होतच नाही. उतार त्यानंतरच्या बिंदूंवरून काढा.