थंडीतल्या कोशिंबिरी, सारं आणि सुपं : माप, वेळ आणि बिघडतं कुठे

माजघर

मंडईत लाल गाजरं, मुळा, नवलकोल, मटार, पातीचा कांदा, आवळे, ओली हळद सगळं एकदम आलंय. कृती कुठेही मिळतात. पानात वाढल्यावर कोशिंबिरीला पाणी का सुटलं आणि सूप का फाटलं, हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. माप लिहा, वेळ लिहा, काय बिघडतं आणि का ते लिहा. मीठ 'चवीपुरतं' चालेल, पाणी 'अंदाजे' चालणार नाही. वाटी म्हणजे 150 मिली धरू.

सुरुवात गाजराच्या कोशिंबिरीने करते. पाव किलो लाल गाजरं, जून असतील तर मधला पिवळट दांडा काढून, किसणीच्या मोठ्या भोकांनी किसायची. बारीक किसणीने चोथा आणि रस वेगळे होतात. 2 टेबलस्पून दाण्याचं कूट, पाऊण चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर. फोडणीला 2 चमचे तेल, मोहरी, हिंग, एक हिरवी मिरची.

मीठ, लिंबू आणि कूट पानं घ्यायच्या आधी फक्त 5 मिनिटं. मीठ किसातलं पाणी बाहेर ओढतं. अर्ध्या तासाने वाडगं तिरकं केलंत तर तळाशी दोन-तीन चमचे केशरी पाणी दिसेल. कूट आधीपासून त्यात असेल तर ते हे पाणी पिऊन फुगतं आणि कोशिंबिरीचा लगदा होतो. वजन कमी करणारी मंडळी फोडणी गाळतात, ते मला पटत नाही. गाजरातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्नेह हवाच. दोन चमचे तेल चार माणसांत काही जास्त नाही.

हिरवी मिरची

मुळ्याबद्दल. किसलेला मुळा कापांपेक्षा जास्त झोंबतो. मुळ्याच्या पेशींत दोन द्रव्यं वेगवेगळी असतात. पेशी फुटली की ती एकत्र येतात आणि तो झणका तयार होतो. किसणीने जास्त पेशी फुटतात, म्हणून झणकाही जास्त. नको असेल तर पातळ चकत्या करून 10 मिनिटं गार पाण्यात टाका आणि निथळा.

मुळ्याचा चटका करायचा तर किसच हवा. एक वाटी हरभरा डाळ भिजवायची. उन्हाळ्यात 4 तास पुरतात, थंडीत 6 धरा. दाणा नखाने सहज तुटला पाहिजे. मधे पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून तासभर थांबा. डाळ पूर्ण निथळून, पाण्याचा थेंब न घालता, 2 मिरच्यांबरोबर भरड वाटायची. मोठ्या मुळ्याचा अर्धा भाग किसून, मीठ लावून 10 मिनिटांनी हलक्या हाताने पिळायचा आणि डाळीत मिसळायचा. वर लिंबू, चिमूटभर साखर आणि हिंग-मोहरी-हळदीची सढळ फोडणी. डाळ कोरडी असते, फोडणीत कंजुषी केली की घशाशी अडकते. पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात जाऊ द्या.

सांडगा

मुळा पिळायला माझा विरोध आहे. चव त्या पाण्यातच असते. साध्या कोशिंबिरीत एका मुळ्याला 2 टेबलस्पून मूगडाळ, तासभर भिजवून चाळणीत पूर्ण निथळलेली, घाला. सुटलेलं पाणी ती पिते आणि दाताखाली कुरकुरीतही राहते. कोबीच्या पचडीलाही हेच.

काळी माती

मराठवाड्याकडचा घोळाणा, म्हणजे कच्च्या मेथीची कोशिंबीर, अजून कसा नाही आला? थंडीत भाकरीशेजारी हाच हवा.

मेथी कोवळी, बारीक पानांची. पानं खुडून धुवा आणि कापडावर अर्धा तास पसरून ठणठणीत कोरडी करा. इथेच बहुतेकांचं चुकतं. ओल्या पानांवर कूट टाकलं की त्याच्या गोळ्या होतात आणि अर्धी भाजी आळणी, अर्धी खारट लागते. चिरायची तर सुरीचे दोनच हात. फार बारीक केली की कडूपणा वर येतो. 2 वाट्या मेथी, अर्धी वाटी पातीचा कांदा, 3 टेबलस्पून जाडसर कूट, 1 चमचा लाल तिखट, मीठ आणि शेवटी 2 चमचे कच्चं करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल. हाताने हलकं घोळायचं, चुरगाळायचं नाही.

हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचाही असाच होतो. त्यात लिंबू पिळू नका. पाल्यावर मुळातच आंब असते, शेतात हिंडताना हाताला लागते तीच. फार वेळ पाण्यात बुडवून ठेवलात तर ती धुऊन जाते आणि पाला मिळमिळीत लागतो. दोनदा भरभर खळबळायचा आणि झटकायचा.

निरसं दूध

पेरूच्या कोशिंबिरीवर दोन ओळी. पेरू पिकलेला पण कडक, बोटाने दाबला तर जेमतेम दबणारा. बियांचा गोळा काढून गराच्या फोडी. 2 पेरूंना पाऊण वाटी घट्ट दही, 1 चमचा साखर, मीठ आणि तुपात जिरं-मिरचीची फोडणी. फोडणी कोमट होऊ द्या. कडकडीत ओतली की दह्याच्या बारीक कण्या होतात.

थंडीत दहीच लागत नाही, ही खरी अडचण. दूध करंगळीला चटका न बसता ऊन लागेल इतपत, म्हणजे 40-45 अंशांवर हवं. अर्ध्या लिटरला 2 चमचे विरजण घोटून मिसळा, भांडं जाड टॉवेलात गुंडाळा आणि बंद ओव्हनमध्ये किंवा तांदळाच्या डब्यात 8 ते 10 तास ठेवा. मधे हलवून बघायचा मोह आवरा, हललं की पाणी सुटतं. कोशिंबिरीसाठी दही 20 मिनिटं गाळणीत निथळलं तरी पुरतं. चक्का करू नका, चोथट लागतो.

लोखंडी कढई

आता सुपांकडे वळू. आधी मिक्सरची गोष्ट, कारण तिथे अंग भाजू शकतं. उकळती भाजी मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावलं आणि बटण फिरवलं की आत एकदम वाफ वाढते आणि झाकण उडतं. भाजी आणि पाणी वेगळं करा, भाजी ताटलीत 15 मिनिटं पसरा, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, आणि आधी नुसते एक-दोन झटके द्या.

पालक सूप शेवाळी होतं त्याची दोन कारणं, झाकण आणि आंबट. पानांतली आम्लं वाफेबरोबर बाहेर जायला हवीत. झाकणामुळे ती परत भांड्यातच पडतात आणि हरितद्रव्य मारतात. एक मोठी जुडी, म्हणजे पाव किलो पानं, भरपूर उकळत्या पाण्यात उघडीच 1 मिनिट, मग थेट गार पाण्यात. 1 लहान कांदा आणि 3 लसूण पाकळ्या 1 चमचा लोण्यावर परतून, पाव वाटी शिजलेली मूगडाळ घालून सगळं वाटायचं. 4 वाट्या पाणी, एकच उकळी. लिंबू वाडग्यात. आधी पिळलंत तर पहिल्या दोन मिनिटांतच रंग उतरेल. गाळू मात्र नका, देठ कोवळे असतील तर गरज नाही.

दाटपणाला मूगडाळ, बटाटा किंवा लाल भोपळ्याची एक फोड चांगली. कॉर्नफ्लॉवर वापरायचंच असेल तर 4 वाट्यांना 1 टेबलस्पून, गार पाण्यात कालवून, सतत ढवळत. टोमॅटोसारख्या आंबट सुपात फार वेळ उकळलं की ते परत पातळ होतं. लोक मग आणखी घालतात आणि गार झाल्यावर खळ तयार!

माजघर

टोमॅटो सुपात दूध फाटतं त्यावर कुणी लिहा. सोडा घालतात, ते बरोबर का?

लोखंडी कढई

सोड्याने आंबटपणा मरतो म्हणून दूध फाटत नाही, पण चवही साबणासारखी होते. त्यापेक्षा 1 चमचा लोण्यावर 1 चमचा मैदा किंवा तांदळाचं पीठ परतून त्यात 1 वाटी दूध घालून दाटसर करा. गाळलेला टोमॅटोचा रस *दुधात* थोडा थोडा ओता, दूध रसात नाही. दोन्ही गरम हवेत, आणि मिसळल्यावर उकळायचं नाही. पीठ मधे असलं की दुधातल्या प्रथिनांच्या गाठी सहज होत नाहीत. खरं सांगायचं तर पिकलेल्या लाल टोमॅटोला दूध लागतच नाही. एका गाजराने आंबटपणा पुरेसा निवतो.

पंचगंगा

नारळाच्या दुधाचाही हाच घोटाळा, म्हणून पांढऱ्या रश्शाबद्दल लिहितो. कोल्हापुरात तो ताटात वाटीभर असतोच, पण थंडीत नुसता प्यायला याच्यासारखं सूप नाही.

पाया अळणीचा, म्हणजे मटण शिजवलेल्या साध्या पाण्याचा. अर्धा किलो हाडांसकट मटण, 1 चमचा आलं-लसूण, मीठ आणि 1 लिटर पाणी, कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं. अळणीत घालतात तशी हळद इथे नको, रस्सा पिवळा पडतो. शिट्टी लावण्याआधी वर येणारा करडा फेस काढून टाका, नाहीतर रस्सा गढूळ दिसतो. गाळलेलं अळणी पाणी 4 वाट्या भरलं पाहिजे.

वाटणाला 1 टेबलस्पून खसखस आणि 10 काजू, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखे बारीक. खसखस नीट वाटली नाही तर तळाशी रेती बसते. 2 चमचे तुपात 3 लवंगा, 5 मिरे, दालचिनीचा तुकडा, 2 वेलदोडे आणि 2 हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. वाटण 2 मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. मग अळणी घाला, उकळी येऊ द्या आणि आच एकदम मंद करा.

आता एका नारळाचं दीड वाटी घट्ट दूध. ते ओतल्यापासून डाव थांबवायचा नाही आणि झाकण ठेवायचं नाही. कडेने बारीक बुडबुड्यांची माळ दिसू लागली, मधला भाग अजून शांत आहे, तिथेच गॅस बंद. मधोमध उकळी फुटली की दूध फाटून वर पाणी आणि तेलाचे डोळे दिसतात, आणि ते परत जुळत नाही. पुन्हा गरम करतानाही हाच नियम. लहान मुलांसाठी नुसतं अळणी बाजूला काढा, त्यात थोडा भात कुस्करला की जेवण झालं.

आमसूल

कोकणातलं कुळथाचं कळण. 1 वाटी कुळीथ आधी रोळून घ्या, बारीक खडे असतातच. रात्रभर भिजवून 6 वाट्या पाण्यात कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 25 मिनिटं. दाणा बोटांत चिरडला पाहिजे. पाणी गाळून घ्या, साडेचार वाट्यांच्या आसपास भरतं. त्यात पाव वाटी शिजलेले कुळीथ वाटून मिसळा, म्हणजे वर पाणी आणि खाली गाळ असं होत नाही. 4 आमसुलं, चिमूटभर गूळ, 5 मिनिटं उकळी. 2 चमचे तुपात 8 ठेचलेल्या लसूण पाकळ्या तांबूस होईपर्यंत, जिरं, हिंग, सुकी मिरची. आमसुलं शेवटी घाला. सुरुवातीलाच घातली तर कुळीथ कितीही शिट्ट्या केल्यात तरी कडकच राहतात. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. उरलेल्या कुळथाची उसळ.

रानजाई

शेवग्याच्या शेंगांचं सूप चोथट होतं, कारण शेंगा सालीसकट मिक्सरमध्ये जातात. 4 शेंगा बोटभर तुकडे करून दोन शिट्ट्या, गार झाल्यावर तुकडा उभा उघडून चमच्याच्या कडेने आतला गर खरवडा. साल टाका. त्या गरात शिजवलेलं पाणी, 1 टोमॅटो, मिरपूड, झालं.

नाचणीची आंबील : 2 टेबलस्पून पीठ, 1 वाटी गार पाण्यात कालवून, 2 वाट्या उकळत्या पाण्यात घाला आणि 6-7 मिनिटं ढवळत शिजवा. कच्चेपणा गेला की रंग गडद होतो आणि पळीला चकाकी येते. ताक घालायचं ते आंबील गॅसवरून उतरवून, कोमट झाल्यावर.

बर्फाळ सकाळ

परदेशात मेथी रोज मिळत नाही त्यांच्यासाठी. केल (kale) नावाचा राठ पाला कच्चा खायचा तर मधला दांडा काढून, पानं चिरून, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू लावून 2-3 मिनिटं हाताने चोळा. पानं गडद होऊन निम्मी होतात, मग चावतात. घोळाण्यासारखं कूट आणि कच्चं तेल त्याला उत्तम लागतं. काळी माती, तुमचा 'चुरगाळू नका' इथे उलटा!

बटरनट स्क्वॉश, म्हणजे तिकडचा एक भोपळा, सोलताना हात चिकट होतो आणि कातडी ओढल्यासारखी लागते. उभा अर्धा कापून, बिया काढून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये 200 अंशांवर 45 मिनिटं भाजा. गर चमच्याने निघतो. भाजल्यामुळे पाणी आटतं आणि गोडी येते, क्रीम लागत नाही. तूप, जिरं, हिंग यांची फोडणी द्या, सार म्हणूनही खपतं.

काळी माती

चोळा खुशाल, केल तेवढा राठ आहे. मेथीला हात लावू नका.

सांडगा

मटारच्या सालींचं पाणी कुणी लिहिलं नाही. दोन मुठी कोवळ्या साली 5 वाट्या पाण्यात 20 मिनिटं उकळून गाळा. गोडसर लागतं, भाज्यांच्या कुठल्याही सुपाला पाण्याऐवजी वापरा. कोबी-फ्लॉवरचे दांडे त्यात टाकू नका, उकळत राहिले की उग्र वास सुटतो.

हिरवी मिरची

गाजराची कोशिंबीर सकाळी 8 ला करून डब्यात 1 ला खायची असेल तर?

माजघर

किस आणि गार झालेली फोडणी एकत्र, एका डब्यात. कूट, मीठ, साखर कागदाच्या पुडीत. लिंबाची फोड वेगळी. जेवायला बसताना मिसळा. दह्याची असेल तर डब्यात नेऊच नका, पोळीला ओल येते.