गरोदरपणातील नैराश्याच्या गोळ्या आणि बाळाचे व्यंग: भरपाई कोणी, कशासाठी द्यावी?

वसुधा_प (धागाकर्ती)
ऑक्टोबर २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्यूरीने ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने एका कुटुंबाला २५ लाख डॉलर द्यावेत, असा कौल दिला. आईने गरोदरपणी पॅक्सिल, म्हणजे पॅरॉक्सेटिन घेतले होते आणि मुलगा हृदयातील व्यंग घेऊन जन्मला होता. डॉक्टरांना जोखमीची पुरेशी सूचना देण्यात कंपनीने हयगय केली आणि व्यंगाला औषध कारणीभूत ठरले, या दोन्ही गोष्टी ज्यूरीने मान्य केल्या; दंडात्मक भरपाई मात्र नाकारली. पुढच्याच वर्षी अशा ८०० हून अधिक दाव्यांची तडजोड झाली आणि त्यांपोटी कंपनी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देणार असल्याचे वृत्त आले. माझे मत सरळ आहे: विक्रीचा नफा ज्याने घेतला, त्यानेच शंकेचा भुर्दंडही सोसावा. ज्या मुलाच्या छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, त्याच्या आईवडिलांनी संख्याशास्त्राचे पुरावे जमवत का फिरावे?

मनोवैद्य
वसुधाताई, ‘शंका’ हा शब्द आपण फार सहज वापरला आहे. हृदयातील जन्मजात व्यंग कोणतेही औषध न घेतलेल्या मातांच्या बाळांतही शंभरात सुमारे एकास आढळते. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पॅरॉक्सेटिनबाबत जो इशारा दिला, त्याचा आधार हे प्रमाण दीड ते दोनपर्यंत जात असल्याचे दाखवणारे अभ्यास होते. नंतर २०१४ मध्ये साडेनऊ लाख गर्भारपणांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुळातल्या नैराश्याचा आणि इतर आजारांचा हिशेब धरताच पॅरॉक्सेटिनच्या वर्गातील औषधांमुळे वाढलेली दिसणारी जोखीम जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे ज्या बाळाला व्यंग आहे, त्याला ते गोळीमुळेच झाले, हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही.

भीतीची किंमत मात्र मी दवाखान्यात पाहतो. सहाव्या आठवड्यात ‘गोळ्या बाळाला घातक असतात’ असे मोबाइलवर वाचून एका रुग्णेने त्या एका रात्रीत बंद केल्या, घरात कोणाला सांगितले नाही, आणि पंधरा दिवसांनी तिचा भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला तेव्हा तिचे खाणे आणि झोप दोन्ही थांबलेले होते. उपचाराविना राहिलेले नैराश्यही आईला आणि बाळाला धोक्याचे असते. त्यासाठी कोणी भरपाईचा दावा लावत नाही, एवढाच फरक.

विधी_न्यूजर्सी
झोलॉफ्टच्या, म्हणजे फायझर कंपनीच्या सर्ट्रालिन या नैराश्याच्याच गोळीच्या, दाव्यांचा शेवट अगदी वेगळा झाला, तोही फिलाडेल्फियातच. तेथील संघीय न्यायालयात देशभरचे दावे एकत्र केले होते. वादींच्या तज्ज्ञांची पद्धत विश्वसनीय नाही असे ठरवून न्यायालयाने त्यांची साक्ष वगळली, २०१६ मध्ये दावे निकालात काढले आणि २०१७ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले. त्याआधी २०१५ मध्ये सेंट लुईस आणि फिलाडेल्फियातील राज्य न्यायालयांच्या ज्यूरींनीही फायझरच्याच बाजूने कौल दिला होता.

तज्ज्ञाच्या साक्षीची ही कसोटी १९९३ च्या ज्या निकालातून आली, तो खटलाही गर्भवतींच्याच औषधाचा होता, हे विसरू नये. उलट्या थांबवणारी बेंडेक्टिन ही गोळी दाव्यांच्या भडिमारामुळे १९८३ मध्ये बाजारातून काढली गेली. तिच्यामुळे व्यंग होते हे कधीच सिद्ध झाले नाही, आणि तेच मिश्रण २०१३ मध्ये नव्या नावाने अमेरिकेत परत आले. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ ते पूर्वीपासून लिहून देत आहेत. तीस वर्षे तेथील बायकांनी विनाकारण ओकाऱ्या काढल्या, हेही नुकसानच की!

वसुधा_प
बेंडेक्टिनचे उदाहरण मान्य, पण पॅक्सिलचा खटला त्या जातीचा नव्हता. ‘व्यंग झाले का’ याच्या जोडीला ‘कंपनीला काय माहीत होते आणि तिने ते सांगितले का’ हाही प्रश्न तेथे होता. प्राण्यांवरील चाचण्यांचे प्रतिकूल निष्कर्ष दाबून ठेवण्यासंबंधी कंपनीतलेच १९९७ चे टिपण वादींनी ज्यूरीपुढे ठेवले होते. माहितीची तिजोरी एकाच पक्षाकडे असताना, पुरावा अपुरा म्हणून दुसऱ्याला हात हलवत परत पाठवणे मला न्याय्य वाटत नाही. आणि डॉक्टर, आपल्या रुग्णेला नेमकी जोखीम आधीच कोणी शांतपणे सांगितली असती, तर ती मोबाइलवर कशाला शोधत बसली असती?

अनिकेत७
न्यायालयाऐवजी फ्रान्ससारखा निधी का नको? व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचे औषध गरोदरपणी घेतल्याने बाधित झालेल्यांसाठी तेथे २०१७ पासून सरकारी भरपाई योजना आहे.

मनोवैद्य
व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या शंभरांपैकी सुमारे दहा बाळांत मोठे व्यंग आढळते आणि वाढीच्या अडचणी तीस ते चाळीस मुलांत दिसतात. तिथे निधी शोभतो. पॅरॉक्सेटिनसाठी तसाच निधी काढला, तर कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागेल.

विधी_न्यूजर्सी
एक गोष्ट राहिली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की जेनेरिक कंपनीला मूळ कंपनीचाच सूचनेचा मजकूर छापावा लागतो, म्हणून अपुऱ्या सूचनेबद्दल तिच्यावर राज्याच्या कायद्याखाली दावा चालत नाही. एकच औषध, पण डबीवर नाव कोणाचे यावरून भरपाईचा दरवाजा उघडा किंवा बंद. हे मला, दाव्यांचा विरोधक असूनही, पटत नाही.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपुऱ्या सूचनेबद्दल उत्पादकाची जबाबदारी आहे. मात्र औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यायचे असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला सूचना दिली असेल, तर ती सुटते.

वसुधा_प
म्हणजे सगळा भार डॉक्टरांवर. आमच्याकडे मेडिकलवाला पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या पुडीत घालून देतो; माहितीचा घडीचा कागद खोक्यातच राहतो. अशा वेळी रुग्णेपर्यंत सूचना पोहोचली की नाही, हे सिद्ध करण्याचा भार तरी तिच्यावर नसावा. मनोवैद्य, आपण चिठ्ठीवर जोखीम लिहून देता का?

मनोवैद्य
तोंडी सांगतो आणि माझ्या नोंदवहीत लिहितो. चिठ्ठीवर लिहीत नाही, कारण ती सासूही वाचते.