मदत हवी आहे : संपूर्ण कोड एकाच दिवशी फॉरमॅट केला, तर अर्धवट राहिलेल्या ब्रँचचे (मुख्य कोडपासून वेगळ्या काढलेल्या कामाच्या शाखांचे) काय करावे?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून, शेती सांभाळून, मी एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या देखभालीचे काम पाहतो. पर्जन्यनोंदी आणि विहिरींच्या पाणीपातळीचे विश्लेषण करणारा हा सी प्लस प्लसमधील प्रकल्प असून त्यातल्या दीड हजारांवर फायली ज्याने त्याने आपापल्या सवयीने लिहिल्या आहेत. कुठे टॅब आहेत, कुठे चार स्पेस. महिरपी कंस कुठे त्याच ओळीवर उघडतो, तर कुठे पुढच्या.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने दोन ओळींची दुरुस्ती पाठवली, पण पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) अख्खी फाईल बदललेली दिसत होती, कारण त्याच्या विंडोजवरील एडिटरने प्रत्येक ओळीचा शेवट बदलून टाकला होता. त्या दिवशी भारनियमनामुळे मी हे सारे मोबाइलवर वाचत होतो आणि त्या दोन ओळी हाती लागायला अर्धा तास गेला. ओळींच्या शेवटांचा प्रश्न कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फायलीत 'ईओएल=एलएफ', म्हणजे सर्वांसाठी एकच शेवट, असे लिहून आता मिटवला आहे. उरलेल्या मांडणीसाठी, ती आपोआप एकसारखी करणारे क्लँग-फॉरमॅट हे साधन वापरायचे ठरले असून, कोणती शैली चांगली या वादात मला मुळीच पडायचे नाही.

आवृत्तीचा घोळ आधीच लक्षात आला. उबुंटू २०.०४ मध्ये क्लँग-फॉरमॅट १० येते, २२.०४ मध्ये १४ आणि २४.०४ मध्ये १८. एकाच फायलीवर या तिघांचे उत्तर सारखे येईलच असे नाही, आणि नव्या आवृत्तीतला एखादा पर्याय त्याच्या संरचनेच्या (सेटिंगच्या) फायलीत लिहिला, तर जुनी आवृत्ती तो न ओळखता थेट त्रुटी देते. म्हणून प्रत्येक कमिटच्या (नोंदवल्या जाणाऱ्या बदलाच्या) आधी तपासणी चालवणाऱ्या प्री-कमिट या साधनातून एकच आवृत्ती सर्वांसाठी पक्की केली. ते पहिल्या वेळीच इंटरनेट मागते, नंतर हूक (ती आपोआप होणारी तपासणी) जोडणीविना चालतो. आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो, त्यामुळे ही गोष्ट लहान नाही. सीआयमध्ये, म्हणजे बदल पाठवल्यावर सर्व्हरवर होणाऱ्या स्वयंचलित चाचण्यांत, तपासणी फक्त चूक दाखवते, स्वतः दुरुस्त करत नाही. बॉटने परस्पर कमिट टाकून पाहिले होते, पण मग विद्यार्थ्यांची स्थानिक ब्रँच मागे पडते, पुश (बदल पाठवणे) नाकारला जातो आणि ते घाबरून फोर्स-पुश करतात, म्हणजे सर्व्हरवरची प्रत पुसून आपली लादतात.

इतिहासाचीही सोय आहे. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, फॉरमॅटिंगच्या कमिटचा क्रमांक एका फायलीत नोंदवून, कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या गिट ब्लेमला तो कमिट वगळायला सांगता येतो. एका ओळीच्या चार झाल्या, तर तो अंदाजानेच मूळ ओळ शोधतो, हे मला मान्य आहे. फायरफॉक्सने २०१८ च्या अखेरीस आपला सी प्लस प्लस कोड आणि जँगो या वेब-प्रकल्पाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला पायथन कोड असाच एकदम बदलला. केवळ बदललेल्या ओळी फॉरमॅट करण्याचा मार्गही आहे, परंतु त्याने एकाच फंक्शनमध्ये वर्षानुवर्षे दोन शैली नांदतात, म्हणून तो मला नको आहे.

अडचण निराळीच आहे. आमचे बरेच सहभागी शेतकरी घरांतले विद्यार्थी आहेत. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की ते अर्धे काम तसेच ठेवून शेतात जातात आणि थेट फेब्रुवारीत परत येतात. मोठा बदल करायला तोच शांत काळ सोयीचा. पण परतल्यावर त्यांच्या ब्रँचमधील जवळजवळ प्रत्येक ओळ कॉन्फ्लिक्टमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या बदलांच्या टकरीत, सापडेल. नवख्या मुलाने असे शंभर कॉन्फ्लिक्ट पाहिले, तर तो पुन्हा फिरकणार नाही, अशी भीती वाटते. या ब्रँच हाताने न सोडवता पुढे आणण्याची खात्रीची पद्धत कोणी वापरली आहे का?

प्रतिसाद : आपला प्रश्न सुटण्याजोगा आहे, मात्र क्रम पाळावा लागेल. फॉरमॅटिंगच्या अगदी आधीच्या कमिटला टॅग (नावाची खूण) लावून ठेवा. परतलेल्या मुलाने प्रथम तो टॅग आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करावा, म्हणजे मिसळून घ्यावा. येथे येतील ते कॉन्फ्लिक्ट खरे असतील आणि थोडेच असतील. मग त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर संपूर्ण ब्रँचवर चालवून कमिट करावे. त्यानंतर फॉरमॅटिंगचा कमिट 'मर्ज -एस अवर्स' ने जोडावा, म्हणजे गिट त्यातला मजकूर न घेता केवळ इतिहास जोडेल. शेवटी मुख्य ब्रँच नेहमीप्रमाणे मर्ज करावी. हे चार टप्पे एका स्क्रिप्टमध्ये घालून द्या, मुलांना ते लक्षात ठेवायला लावू नका.

धागाकर्ता : मनःपूर्वक आभार. काल रात्री प्रकल्पाच्या एका प्रतीवर, मागील हंगामातील एक अर्धवट ब्रँच घेऊन हे करून पाहिले आणि दोन कॉन्फ्लिक्टमध्ये काम झाले. एकच गोष्ट बिघडली. बाष्पीभवनाच्या गुणकांचा, हाताने रकाने जुळवलेला बारा ओळींचा तक्ता आम्ही 'क्लँग-फॉरमॅट ऑफ' अशा टिपणीने वाचवला आहे. त्या ब्रँचमध्ये मात्र तो सपाट होऊन परिच्छेदासारखा दिसू लागला. कारण शोधले, तर ती टिपणी मी फॉरमॅटिंगच्याच कमिटमध्ये टाकली होती, त्यामुळे टॅगपर्यंतच्या कोडमध्ये ती नव्हतीच. आता अशा सर्व टिपण्या आणि संरचनेची फाईल आधीच्या वेगळ्या कमिटमध्ये घेत आहे, आणि टॅग त्यानंतरच लावीन.