मदत हवी आहे: आईच्या मणक्यात सिमेंट भरून स्क्रू बसवायचे आहेत

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची आहे. बादली उचलताना कंबरेत कट्‌कन आवाज झाला आणि एल-१ (कंबरेचा सगळ्यात वरचा) मणका दबला. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे ३.४ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

सर्जन म्हणतात, इतक्या भुसभुशीत हाडात नुसते स्क्रू धरणार नाहीत, सैल होतील. म्हणून पोकळ स्क्रू, टोकाजवळ बारीक छिद्रं असलेले. आतून बोन सिमेंट ढकललं की छिद्रांतून हाडात पसरतं आणि काही मिनिटांत घट्ट होतं. नमुन्याचा एक स्क्रू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीपेक्षा बारीक, छिद्रं सुईच्या नेढ्यापेक्षा जरा मोठी. आईचा सगळा भार यावर, या विचारानं पोटात गोळाच आला.

भीती आहे ती सिमेंट गळण्याची. पातळ असताना भरलं तर शिरांवाटे फुप्फुसात जाऊ शकतं, मागे सरकलं तर नसांवर दाब येतो. म्हणून ते टूथपेस्टसारखं दाट झाल्यावरच, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना दिसणारा एक्स-रे) बघत हळूहळू भरतात, हे त्यांनी नीट समजावलं. तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? पेशंट कधी उठून चालू लागले? पट्टा किती दिवस होता? आणि इथले डॉक्टर असतील तर कृपया सांगा: पुढे जंतुसंसर्ग झाला तर सिमेंटमधला स्क्रू काढता येतो का? टेरिपॅराटाइडची (नवं हाड तयार करणारं औषध) इंजेक्शनं ऑपरेशनआधीच सुरू करावीत का? पुढच्या आठवड्यात होकार कळवायचा आहे.