अनुभव धागा: उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरची निवांत उन्हाळी सुट्टी

युरोपातल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला की स्वित्झर्लंड नाहीतर इटली-स्पेन ठरलेलं. भारतातून आईवडील आलेले असतील तर दहा दिवसांत पाच देश. उत्तरेचा समुद्र कुणाच्या यादीत नसतो. पाणी गार, वारा अखंड, ऊन बेभरवशाचं अशी त्याची ख्याती, आणि ती खरीच आहे. भर ऑगस्टातही उत्तर समुद्राचं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. तरीही आमच्या घरी आता दुसरीकडे कुठे जायचं नाव निघत नाही, कारण इतकी विश्रांती आम्हाला दुसऱ्या कुठल्या सुट्टीत मिळालेली नाही. बेल्जियमपासून बाल्टिकपर्यंत कुठेही एका जागी मुक्काम ठोकून राहिला असाल तर इथे लिहा. हॉटेलांचे दर नकोत, दिवस कसा गेला ते सांगा.

सुरुवात मी करते. आम्ही हँबर्गला असतो आणि जुलैमध्ये जर्मनीच्या उत्तर समुद्रकाठच्या झांक्ट पेटर-ऑर्डिंगला जातो. किनारा सुमारे १२ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दोन किलोमीटर रुंद. पाण्यापर्यंत चालत जाणं हाच एक फेरफटका होतो. वाळूत उंच लाकडी खांबांवर उभी असलेली उपाहारगृहं आहेत, भरतीचं पाणी खालून निघून जातं. गेल्या वर्षी सासूबाई सोबत होत्या. त्यांच्या गुडघ्यांना वारा सोसत नाही, म्हणून आम्ही आठवड्याभरासाठी स्ट्रांडकोर्ब भाड्याने घेतला. ही वेताची, वर छप्पर असलेली दोघांची बैठक. १८८२ साली रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या कारागिराने संधिवात असलेल्या एका बाईंसाठी अशी खुर्ची पहिल्यांदा विणली. पाठ मागे रेलते, पाय ठेवायला खालून फळी ओढता येते, बाजूला चहाच्या कपापुरतं घडीचं टेबल असतं. पाठ वाऱ्याकडे फिरवली की आत ऊब. सासूबाई शाल आणि कानटोपी घालून तिथे दुपारभर वाचत बसायच्या. चौथ्या दिवशी मी जवळच्या गावात जाऊन येऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही जा, मला इथेच बरं आहे."

ॲम्स्टेलव्हेनहून

आमचं टेसल बेट. डेन हेल्डरहून फेरीने वीस मिनिटं. मुलं लहान असतील तर यासारखी जागा नाही, सगळीकडे सायकलचे वेगळे रस्ते आणि उत्तर टोकाला लाल दीपगृह. एकच सांगते. डच किनाऱ्यावर वाळूच्या दांड्यांच्या मधून पाणी जोरात समुद्राकडे ओढलं जातं, त्याला इथे मुई म्हणतात. जीवरक्षक असतील तिथेच पाण्यात उतरा. ओढले गेलातच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. हे नियम मुलांना पाठ करून घेतले की मग आईबाप निश्चिंत बसू शकतात.

पुण्याहून, मुलगा ब्रसेल्सला

मी आणि हे, दोघंही सत्तरीच्या पुढे. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्याने आम्हाला ओस्टेंडला एक छोटं घर घेऊन दिलं. तिथे किनाऱ्याची ट्राम आहे. दे पानपासून क्नोकेपर्यंत ६७ किलोमीटर, जवळजवळ सगळा बेल्जियन किनारा, आणि ही सेवा १८८५ पासून चालू आहे. सकाळी दिवसाचा पास काढायचा, मनात येईल तिथे उतरायचं, बाकावर बसायचं, पुढच्या ट्रामने निघायचं. भाषेवाचून काही अडलं नाही. दे हान गाव आम्हाला फार आवडलं, पांढऱ्या जुन्या बंगल्यांचं. आइनस्टाइन १९३३ साली अमेरिकेला जाण्याआधी काही महिने तिथे राहिले होते. ह्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या घरासमोरून ते हलेचनात. ओस्टेंडच्या धक्क्यावर उकडलेली करंदी विकत मिळते. मुंबईकडच्यांना ती कशी सोलायची ते सांगायला नकोच.

ब्रेमेनहून, मूळ गाव गुहागर

काकू, करंदीचं वाचून बरं वाटलं. जर्मन किनाऱ्यावरही ती बोटीवरच उकडतात, आणि ब्यूझुमच्या बंदरात सालासकट मिळते.

मला मात्र ‘वाट’बद्दल लिहायचं आहे. रस्ता नव्हे, समुद्राच्या उथळ, चिखलाळ तळाला जर्मनमध्ये वाट म्हणतात. डेन्मार्कपासून नेदरलँड्सपर्यंतचा हा पट्टा ओहोटीला मैलोन्‌मैल उघडा पडतो. जर्मन-डच भागाला २००९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, डॅनिश भाग २०१४ मध्ये जोडला गेला. मी कोकणातला, भरती-ओहोटी लहानपणापासून बघितलेली. पण समुद्र क्षितिजाच्या पलीकडे निघून जातो आणि माणसं त्याच्या तळावरून चालत बेटावर जातात, हे मी कुक्सहाफेनला पहिल्यांदा पाहिलं.

तिथून नॉयवेर्क बेट साधारण दहा किलोमीटर. वाटाड्या घेऊनच निघायचं. ओहोटीचं वेळापत्रक बघून तो निघायची वेळ ठरवतो आणि ती कुणासाठी बदलत नाही. सुरुवातीचा भाग लावणीच्या वेळी भाताच्या खाचरात उतरल्यासारखा, पाय पोटरीपर्यंत आत. पुढे वाळू घट्ट होते, तिच्यावर लाटांच्या बारीक वळ्या उमटलेल्या असतात. पावलागणिक चिखलाच्या शेवयांचे छोटे ढीग दिसतात, ते वाळूतल्या किड्यांनी बाहेर टाकलेले. वाटाड्याने फावड्याने एक किडा वर काढला, पोरांच्या हातावर ठेवला आणि परत त्याच जागी सोडून दिला. मधे एक प्रवाह लागतो, पाणी गुडघ्याच्या वर आलं. वाट दाखवायला काटक्यांच्या जुड्या रोवलेल्या आहेत आणि अंतराअंतरावर खांबांवर पिंजरे आहेत. कुणी भरतीत अडकलं तर चढून बसायला. बाजूने घोडागाड्या जात होत्या, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी.

तीनेक तासांनी बेट येतं. प्रशासनाच्या दृष्टीने ते हँबर्ग शहराचाच भाग आहे. तिथला विटांचा बुरूज १३१० मध्ये पुरा झाला, शहराच्या हद्दीतली सर्वांत जुनी इमारत. आम्ही पाय धुतले, सूप घेतलं, गवतात आडवे झालो. भरती आल्यावर ज्या वाटेने चाललो होतो तिच्यावरून बोटीने परत आलो. पत्नी कठड्याशी उभी राहून पूर्ण वेळ खाली पाण्याकडे बघत होती.

जुने, नाड्यांचे, घट्ट बसणारे बूट घाला. शिंपले तळपाय कापतात.

कोपनहेगनहून

आम्ही मैत्रिणी दर वर्षी उत्तर युटलंडमध्ये लाकडी समरहाउस घेतो. शनिवार ते शनिवार भाडं, चादरी बहुतेक आपल्याच न्यायच्या, विजेचं बिल मीटरप्रमाणे. स्वयंपाकघर असल्यामुळे मसाल्याचा डबा आणि कुकर सोबत असतो, शाकाहारी लोकांची पंचाईत होत नाही. जूनमध्ये रात्री दहानंतर सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचा चहा दोनदा होतो. स्केगनच्या टोकाला, ग्रेनेनला, दोन समुद्र समोरासमोर येऊन आपटतात. तिथे पोहायला सक्त मनाई आहे, पण घोटाभर पाण्यात एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून सगळेच उभे राहतात.

वादळी वारा पडला की सकाळी किनाऱ्यावर तृणमणी, म्हणजे झाडांचा दगड झालेला डिंक (अंबर), शोधायचा. खरा की खोटा हे घरीच कळतं. पेल्यात पाणी घेऊन मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं. तृणमणी तरंगतो, खडा तळाला बसतो. आम्ही ओट्याभोवती डोकी जोडून उभ्या होतो आणि एक डाळीएवढा पिवळा तुकडा हळूच वर आला. तो आता माझ्याकडे आहे.

रोस्टॉकहून

ताई, याला एक पुस्ती. बाल्टिकवर, विशेषतः उझेडोम बेटाच्या बाजूला, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबचा पांढरा फॉस्फरस वाहून येतो आणि तो हुबेहूब तृणमणीसारखा दिसतो. वाळला, अंगाची ऊब लागली की पेट घेतो. वेचलेलं काहीही खिशात ठेवू नका, पत्र्याचा डबा न्या. मुलांना आधी सांगून ठेवा.

बाकी बाल्टिक म्हणजे भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पाणी कमी खारं आणि लाटा लहान. र्‍यूगेनला वाफेवरची छोटी गाडी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून समुद्रगावांना जोडते. आजीआजोबा आणि नातवंडं एकत्र असतील तर मी बाल्टिकच सुचवेन.

ओल्डेनबुर्गहून

यूइस्ट बेटावर मोटारी नाहीत, सामान घोडागाडीतून येतं, आणि फेरी भरती बघून सुटते. वारा फारच झाला की चहाच्या दुकानात शिरायचं. कपात आधी खडीसाखर, वर कडक चहा ओतला की ती तडकते, तो आवाज ऐकायचा. मग सायीचा चमचा कडेने सोडायचा आणि ढवळायचं नाही. तीन कप घ्यायची रीत आहे. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर ओततच राहतात.

हँबर्गहून

ठाण्याच्या एका काकांनी वयस्कर मंडळींसाठी कुठला महिना चांगला असं विचारलं आहे. जूनचा दुसरा पंधरवडा किंवा ऑगस्टची अखेर. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या शाळांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना असतात, त्या बघून घ्या, गर्दीचा अंदाज येतो. घर हिवाळ्यातच राखून ठेवा. छत्री टिकत नाही, टोपीचं वारारोधक जाकीट घ्या. आणि काका, दोनपेक्षा जास्त गावं ठरवू नका.